पौषातले पाहुणे

गडहिंग्लजकरांनी मासे मागितले, तेव्हाच खरं तर कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. मुलगी बघायला येणारी माणसं पोहे खातात, चहा पितात, फार तर 'जेवणाची तसदी नको' म्हणत म्हणत जेवतात. आधी फोन करून 'तुमच्याकडं भिगवणची मासळी लई ताजी मिळती म्हणं' असं कुणी सांगत नाही. पण भिमाआत्याने त्या फोनचा अर्थ लावला तो असा: "बघा, आत्तापासनंच घरच्यावानी बोलाय लागली. आपलेपना म्हनत्यात ह्येला."

भिमाआत्या ही घरातल्या आजोबांची, तात्यांची थोरली बहीण, त्यामुळे सगळ्या घराचीच आत्या. स्थळं जुळवणं हा तिचा छंद होता. पंच्याहत्तर पूर्ण झाल्यापासून तिला एसटी फुकट झाली आणि छंदाला इंदापूर तालुका पुरेनासा झाला. आपल्या गावाहून, निरवांगीहून निघायचं, जी गाडी लागेल तिच्यात बसायचं आणि शेजारच्या बाईला विचारायचं, "तुमच्यात कुनी लग्नाचं हाय का?" गडहिंग्लजचं हे स्थळ तिने असंच कोल्हापूरच्या स्टँडवर गाठलं होतं.

तात्यांच्या सुनेला, सुकन्याला मात्र सकाळपासून एक गोष्ट खुपत होती. मासे परातीत पडले होते, दोन्ही हात मीठ-हळदीने भरले होते, तरी तिने विचारलंच.

"आत्या, पौषात कुनी पोरगी बघाय येतं व्हय?"

"ती सुधारल्याली मानसं हायत. पौष-बिष मानत न्हाईत."

"आनि अकरा जन?"

"एकत्र कुटुंब असंल. चांगलंच की. पोरगी एकटी पडायची न्हाय."

आत्याकडे प्रत्येक शंकेला उत्तर होतं आणि सुकन्याला ते पटवून घ्यायचं होतं. कारण या खेपेला तिच्या लेकीने, श्रेयाने साडी स्वतः आणली होती. तीन वर्षांत पाच घरं तिला बघून गेली. पाचही वेळा ती आईच्या कपाटातली साडी नेसून, तोंड वाकडं करून बाहेर येऊन बसली. पाचही जण 'कळवतो' म्हणून गेले आणि एकानेही कळवलं नाही. होकार नाही, नकार नाही. फोन वाजला की सुकन्या हात पुसत धावायची आणि पलीकडे कुणीतरी कर्ज घ्या म्हणून मागे लागलेलं असायचं.

पण गडहिंग्लजच्या या ऋतिकने आत्याकडून नंबर मिळवून आधी श्रेयालाच फोन केला होता. बारामतीच्या प्रयोगशाळेत ती उसाची रोपं बाटलीत वाढवते, म्हणजे नेमकं काय करते, हे त्याने अर्धा तास विचारलं. आजवर लोकांनी तिला पगार किती आणि लग्नानंतर नोकरी सोडणार का, एवढंच विचारलं होतं. फोन झाल्यावर पोरगी दोन दिवस गुणगुणत होती, आणि तिसऱ्या दिवशी आपल्या पगारातून मोरपंखी साडी घेऊन आली. हे जमलं नाही तर ती पुन्हा कुणासमोर बसणार नाही, हे तिने सांगितलं नव्हतं, पण आईला कळलं होतं. म्हणून सुकन्या त्या माशांना देवाच्या नैवेद्यासारखं जपून तळत होती.

बाहेर पोर्चमध्ये तात्या मे महिन्याची सहल ठरवत होते.

तात्यांच्या सहलींचं पुराण या घराला पाठ आहे, तरी त्यातलं शास्त्र इथे पुन्हा सांगायला हवं. तात्या, म्हणजे दत्तोबा, इथल्या भवानीनगरच्या साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांना फिरायची हौस आली. हौसेच्या आड एकच गोष्ट येत होती, लॉज. "पैसं देऊन दुसऱ्याच्या गादीवर झोपायचं, ह्यो कसला शानपना?" असं त्यांचं म्हणणं. नातेवाइकांकडे उतरून पाहिलं, पण नातेवाईक दुसऱ्या दिवशीच गाड्यांचं वेळापत्रक वाचून दाखवायला लागत. मग नातू राजवर्धन लग्नाचा झाला आणि तात्यांना वाट सापडली. राजवर्धनचा बायोडाटा फक्त बघण्यासारखं काही असेल तिकडेच धाडायचा. कोल्हापूरच्या मुलीच्या निमित्ताने पन्हाळा झाला. रत्नागिरीच्या मुलीच्या निमित्ताने गणपतीपुळे झालं. गेल्या मे महिन्यात वाईच्या मुलीच्या निमित्ताने महाबळेश्वर, आणि सप्टेंबरात 'मोठ्या मानसांनी पुन्हा एकदा बघून घेतल्यालं बरं' म्हणून कास पठारावरची फुलं. मुलगी बघायला आलेल्यांना चहा-पोहे, जेवण, आणि गाव लांबचं म्हटल्यावर रात्रीची गादी हे सगळं आपोआप आलंच. घरात तात्यांचं वाक्य म्हणीसारखं चालायचं: पसंत पडली तर सोयरीक, न्हाय पडली तर सहल. नऊ मुली झाल्या. राजवर्धनने अर्धा महाराष्ट्र पाहिला, लग्न तेवढं राहिलं.

"तात्या, ह्या बारामतीच्या टूरवाल्याचं बघा की," राजवर्धन मोबाइल पुढे करत म्हणाला. "मालवण, तारकर्ली, चार दिवस. माणशी नऊ हजार."

"सहा जनाचं चौपन्न हजार?" तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "आरं, तेवढ्यात दारात म्हस येती. कुडाळला एक स्थळ काढलंय मी. बाप मास्तर हाय. घर पाच खोल्याचं. समुद्र गाडीनं अर्ध्या तासावर. अंगनात नळ हाय, म्हंजी खारं पानी धुवाय बरं."

"आन् मुलगी?"

"मुलगी हाय की! मुलगी असल्याबिगर आपन जाऊ का?"

राजवर्धनने वडिलांकडे पाहिलं. जोतीरामने आयुष्यात बापाचा शब्द मोडला नव्हता आणि रविवारी तर मुळीच मोडत नसे. तो पेपरात तोंड घालून म्हणाला, "तात्या म्हनत्यात तर बघून येऊ. बघाय काय पैसं पडत्यात?"

आतून सुकन्याने हे ऐकलं. तिला बोलायला तोंड नव्हतं. लग्नाला तीस वर्षं होत आली तेव्हा तिने गणपतीपुळ्याला पहिल्यांदा समुद्र बघितला होता, आणि गुडघाभर पाण्यात उभी राहून ती पोरीसारखी हसली होती. रत्नागिरीच्या त्या मुलीचा चेहरा तिला आठवत नव्हता. समुद्र आठवत होता.

साडेबाराला टेम्पो ट्रॅव्हलर दारात थांबली. तात्या हात जोडून पुढे झाले, आणि त्यांच्या जाणत्या नजरेने गाडीतून उतरणारं एकेक माणूस मोजायला सुरुवात केली.

दोन म्हातारे, चार बायका, ऋतिक, बाकीची तरणी मंडळी. सगळ्यांच्या पायात कापडी बूट. डोक्यावर टोप्या. मागच्या सीटवर पाण्याचा मोठा जार. मुलाचे काका महिपतराव सगळ्यात शेवटी उतरले. त्यांच्या छातीवर दुर्बीण लोंबत होती.

"या, या. वाटंत लई तरास झाला आसंल?"

"तरास कसला? पाटंचं चारला निघालाव. डबं हुतंच की संगं."

"आक्का, चा टाका चा!" तात्यांनी आत बहिणीला हाक मारली.

"न्हाय न्हाय, चा नको," महिपतरावांनी लगबगीने हात हलवला. "आता थेट जेवूनच घेऊया की."

तात्या क्षणभर जागच्या जागी थांबले. चहा घेतला की भूक मरते, हा त्यांचा स्वतःचा नियम होता. वाईला पायरी चढता चढता त्यांनी हेच वाक्य म्हटलं होतं, अगदी असाच हात हलवून.

मग त्यांनी नीट बघायला सुरुवात केली. खरी सोयरीक करणारा माणूस आधी विहिरीला पाणी किती महिने टिकतं ते विचारतो, ऊस किती जातो, भावकीत वाद आहे का ते आडून आडून काढतो. महिपतरावांनी यातलं काही काढलं नाही. त्यांनी घराची स्तुती केली, फरशीची स्तुती केली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि विचारलं, "हितनं भिगवण किती लांब पडतंय?"

"आसंल पाऊन तास."

"मंजे लांब न्हाय."

"न्हाय, लांब न्हाय," तात्या म्हणाले.

जानेवारीत भिगवणच्या पाण्यावर फ्लेमिंगो उतरतात. पुण्या-मुंबईची माणसं लांबलचक कॅमेरे घेऊन येतात, बोटी करतात, मासे खातात. भवानीनगरच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, घराजवळच्या देवाला कोण जातं? पण गडहिंग्लजच्या माणसाला ती सहल होती. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. समोरचा माणूस आपलाच धडा इतका सफाईने गिरवतोय, याचं तात्यांच्या एका मनाला कौतुकही वाटत होतं. दुसऱ्या मनाला आतल्या खोलीत मोरपंखी साडी नेसून बसलेली नात दिसत होती.

आता हे बोलायचं कसं? तुम्ही पोरगी बघायला नाही, पक्षी बघायला आलात, असं म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, तुम्हाला कसं कळलं? म्हणून तात्यांनी आयुष्यातली सगळ्यात निरुपयोगी गोष्ट केली. ते महिपतरावांना आग्रह करत राहिले.

"घ्या की अजून एक तुकडा."

"बास, बास. पुन्हा बसून जायाचंय," महिपतराव म्हणाले, आणि तुकडा घेतला.

श्रेयाला बाहेर बोलावलं तेव्हा सव्वादोन वाजले होते.

ती खुर्चीवर बसली. मुलाच्या आईने नाव विचारलं, शिक्षण विचारलं, "सैपाक येतोय न्हवं?" विचारलं. बाकीच्यांच्या चेहऱ्यावर पोटभर जेवणाची सुस्ती आणि घड्याळाची घाई, दोन्ही एकदम होतं. ऋतिक कोपऱ्यातल्या खुर्चीत होता आणि त्याने अजून मान वर केली नव्हती. श्रेयाने दोन दिवसांपासून एक प्रश्न मनात घोळवून ठेवला होता. गडहिंग्लजला तिचं काम करण्याजोगी प्रयोगशाळा जवळपास कुठे आहे का, एवढा साधा. त्याचं उत्तर तो कसं देतो त्यावरून तिला माणूस कळणार होता.

मग तिला सोफ्याच्या हातावर ठेवलेली दुर्बीण दिसली.

तिने एकदा दुर्बिणीकडे बघितलं, एकदा टोप्यांकडे, आणि तिच्या डोक्यात मागची तीन वर्षं सरसर सरकायला लागली. सांगलीची माणसं जानेवारीत आली होती. नाशिकची फेब्रुवारीत. कराडची दोन घरं लागोपाठच्या रविवारी, तीसुद्धा जानेवारीत. नगरची होळीच्या आधी. पावसाळ्यात तिला बघायला कधीच कुणी आलं नव्हतं. दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न झाल्यावर, जेव्हा सगळा मुलूख मुली बघत हिंडतो तेव्हाही नाही. आपला रंग, उंची, नोकरी, प्रत्येक रात्री तिने एकेक कारण काढून स्वतःला दोष दिला होता. खरं कारण बाहेर पाण्यात एका पायावर उभं होतं.

"हं, मुलीला काय इचारायचं आसंल तर इचारू दे की," महिपतराव मनगटावरचं घड्याळ बघत म्हणाले. मुलगी यावर मान हलवते आणि आत जाते, अशी रीत आहे.

"बोट किती वाजताची हाय?" श्रेयाने विचारलं.

मुलाच्या आईने पदर सावरला. महिपतराव हसायला गेले आणि ते हसू अर्ध्यावर राहिलं.

"साडेतीनची," ऋतिक म्हणाला.

"आरं!" त्याची आई कळवळली.

"कसली बोट गं बया?" भिमाआत्या दारातून म्हणाली.

"भिगवणची, आत्या. फ्लेमिंगो बघायची."

"म्हंजी ती तांबडी बगळी? त्यास्नी काय बघायचं?"

"त्येचं काय हाय," महिपतराव म्हणाले, "इकडं आलोच हाय तर म्हटलं, जाता जाता..."

"काका, बोट पंधरा दिवसांपूर्वी ठरवली," ऋतिक म्हणाला. आता त्याने मान वर केली होती आणि त्याचे कान लाल झाले होते. "मला कळलं परवा. मी मोडायला सांगणार होतो, पण सांगितलं नाही." मग तो श्रेयाकडे वळला. "पण मी स्वतः तुम्हालाच बघायला आलोय. खरंच."

श्रेयाने त्याच्याकडे बघितलं. तिला त्याचा राग आला आणि त्याच वेळी तो खोटं बोलत नाही असंही वाटलं, आणि दोन्हीचा तिला त्रास झाला.

"मग जुलैत या," ती म्हणाली. "एकटे या. तेव्हा हितं बघण्यासारखं दुसरं काही नसतं."

ती उठून आत गेली. गडहिंग्लजकर पाच मिनिटांत निघाले. सुकन्याने सवयीने त्यांच्या पाण्याच्या बाटल्याही भरून दिल्या. महिपतराव गाडीत चढले, काच खाली केली आणि तात्यांना म्हणाले, "बरं, येतो आमी. कळवतो."

गाडी वळणापलीकडे गेली आणि तात्यांना कंठ फुटला.

"फुकटी! एक नंबरची फुकटी मानसं! अकरा जन गिळून गेली. आमची पोर म्हंजी काय पक्षी बघायचं तिकीट हाय व्हय? जोतीराम, काढ गाडी. बोटीवरच गाठू त्यास्नी."

"काढतो," म्हणत जोतीराम खरंच किल्ली शोधायला लागला. बापाचा शब्द मोडायचा नाही एवढंच त्याला कळत होतं.

"दत्तू, माजंच चुकलं बाबा," भिमाआत्या खाली बसली. "मला काय ठावं आसली लबाड हायती. कुनी आसं करतं का कुनाच्या लेकीसंगं?"

"कुनीबी करत न्हाय आक्का. काळीज नसल्याली मानसं!"

श्रेया स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. साडी तिने अजून बदलली नव्हती.

"तात्या, वाईला आपण काय कळवलं?"

तात्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. मग त्यांना दिसलं की ऐकलं नाही असं दाखवण्याइतकं घरात कुणीच बोलत नाहीये.

"त्येचा हितं काय संबंध?"

"दोनदा गेलो आपण. मेमधी आन् सप्टेंबरात. काय कळवलं?"

"आगं, न्हाय म्हनून उगं कशापायी कुनाचं मन दुखवायचं? पोराच्या बदलीचं बघतोय म्हनून सांगितलंय. आनि एकदा न्हाय म्हटलं की घर तुटतं. पुन्हा कधी तिकडं जायाचं झालं तर..." तात्यांना आपलं वाक्य कुठे चाललंय ते कळलं आणि ते थांबले.

"पोरी, मोठ्या मानसास्नी आसं बोलत न्हाईत," भिमाआत्या म्हणाली. ती अजूनही भावाच्या बाजूची होती.

"बोलू द्या तिला," सुकन्या म्हणाली. तीस वर्षांत पहिल्यांदा ती सासऱ्यासमोर पदर न सावरता उभी राहिली. "मीबी हुते, तात्या. त्या पोरीच्या आईनं माझी ओटी भरली. त्यो खण मी शिवून घातला आन् कासला फोटू काढलं. मला लाज वाटली न्हाय तवा. आता वाटतीया."

"राजा, तुला आवडली होती का ती?" श्रेयाने भावाला विचारलं.

राजवर्धनने हातातला मोबाइल खाली ठेवला. "चांगली होती. पण मला कुणी विचारलंच न्हाय. आन् मीबी कधी बोललो न्हाय. मला वाटलं, चाललंय ते चाललंय."

"बघा," श्रेया म्हणाली. "माझंबी मन कुणी दुखवलं न्हाय, तात्या. पाच घरांनी न्हाय दुखवलं. नुसतं 'कळवतो' म्हणाली. मी तीन वर्षं फोन उशाशी घेऊन झोपते. त्यापेक्षा दुखवलं असतं तर रडून मोकळी झाले असते. तुमी व्हय म्हणा न्हायतर न्हाय म्हणा, पण कळवा. नऊच्या नऊ घरांना. आत्ता."

"आत्ता? आगं, मानसं जेवत आसतील."

"तीन वाजलेत," राजवर्धन म्हणाला. त्याने आजोबांच्या सदऱ्याच्या खिशातून अलगद फोन काढला, नंबर शोधला, लावला आणि आवाज मोठा करून तो तात्यांसमोरच्या टेबलावर ठेवला. जोतीरामने बापाकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, आणि हातातली किल्ली खुंटीला परत अडकवली.

दुसऱ्या रिंगलाच फोन उचलला गेला.

"बोला, बोला तात्या!" वाईच्या मुलीच्या वडिलांचा, दादासोंचा आवाज खोलीभर घुमला. "शंभर वर्षं आयुष्य हाय बघा तुमाला. आत्ताच विषय चालला हुता. मी म्हनत हुतो, पौष हाय, पौष सरल्याबिगर तात्या काय तोंड उघडायचं न्हाईत. रीतभात पाळनारी मानसं हायत. मधी दोन स्थळं आलती आमच्याकडं, चांगली हुती. पन पोरगी म्हनली, भवानीनगरच्यास्नी आपन थांबतो म्हटलंय, तर थांबायचं."

तात्यांनी तोंड उघडलं. साठ वर्षं त्यांनी कुठल्याही माणसाला कुठल्याही प्रसंगी गोड बोलून वाटेला लावलं होतं. आता व्हय किंवा न्हाय, एवढा एकच शब्द सांगायचा होता.

"दादासो," ते कसेबसे म्हणाले. "मला तुमास्नी एक सांगायचं हुतं."

"थांबा थांबा, तात्या. एक मिनिट. मी एकट्यानं ऐकलं तर ही मानसं मला घरात घ्यायची न्हाईत."

पलीकडे खुर्ची सरकली. दादासोंनी फोन तोंडापासून लांब धरला असावा, कारण त्यांचा पुढचा आवाज अंगणातून आल्यासारखा आला.

"आगं ए, हात धू आन् लवकर ये. तिलाबी घेऊन ये. भवानीनगरचा फोन आलाय!"